पिल्लाला शिकवण्याआधी घराने शिकायचा पाठ



घरात कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरले की पहिले दोन दिवस चर्चा चालते ती नावाची. मोती ठेवायचे, टायगर ठेवायचे की राजा? त्याला कोणी फिरवायचे, कोणी शिकवायचे, काय शिकवायचे, हा विषय मात्र बहुतेक घरांत पिल्लू सात-आठ महिन्यांचे होऊन पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारू लागले की निघतो. तोवर त्याला नको त्या सवयी लागलेल्या असतात आणि अंगात जोरही आलेला असतो. मग त्याला दिवसभर साखळीने बांधतात. बांधलेले कुत्रे जास्त भुंकते, जास्त चिडते. शेवटी एके दिवशी कोणीतरी त्याला गावाबाहेर नेऊन सोडून येते.

अशी कुत्री जन्मतः वाईट नसतात. त्यांना वेळेवर कोणी काही शिकवलेले नसते, इतकेच. म्हणून या अंकात पिल्लाला शिकवण्याचा हा पाठ आम्ही देत आहोत. पाठ सोपा आहे. अट एकच, तो घरातल्या सर्वांनी मिळून शिकायचा आहे.

पिल्लू घरी येण्याआधी

पिल्लू किमान आठ आठवड्यांचे झाल्यावरच आईपासून वेगळे करावे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनीही बंदी घातली आहे. आई आणि भावंडे यांच्याबरोबर खेळताना पिल्लू एक मोठा धडा शिकते, तो म्हणजे किती जोरात चावले की समोरचा कळवळतो. लवकर तोडलेल्या पिल्लाचा हा धडा अर्धवट राहतो.

घरी आणल्यावर पहिली भेट पशुवैद्यांची. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने त्या पुन्हा द्याव्या लागतात आणि साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत हा क्रम चालतो. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. लसीकरण पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री फिरतात अशा जमिनीवर पिल्लाला सोडू नये, कारण पार्वो या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो.

पण याच काळात, म्हणजे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत, पिल्लू जगाची ओळख करून घेत असते. या वयात पाहिलेल्या गोष्टींची त्याला पुढे भीती वाटत नाही. मग करायचे काय? त्याला कडेवर घेऊन बाहेर न्यावे. रिक्षा, सायकल, छत्री, शाळेचा गणवेश घातलेली मुले, काठी टेकत चालणारे आजोबा, कुकरची शिट्टी, हे सारे त्याला लांबून, शांतपणे पाहू द्यावे, ऐकू द्यावे. ते घाबरले तर आणखी लांब जावे. बळजबरीने जवळ नेऊ नये.

एक शब्द, एक अर्थ

आपल्या बेळगावातील घरांत दोन-तीन भाषा सहज नांदतात. आजोबा पिल्लाला ‘ये’ म्हणतात, शेजारच्या अक्का ‘बा’ म्हणतात आणि धाकटा भाऊ ‘कम’ म्हणतो. आपल्याला तिन्ही कळतात. पिल्लाला यातली एकही भाषा येत नाही. त्याच्या दृष्टीने हे तीन निरनिराळे आवाज आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

‘बस’ या शब्दाचेच पाहा. पिल्लाला बसवायचे असले की आपण ‘बस’ म्हणतो. ताटात भाजी जास्त पडू लागली तरी ‘बस, बस’ म्हणतो. सकाळी दारात ओरडतो, ‘बस आली!’ दिवसातून वीस वेळा ‘बस’ ऐकायचे आणि त्यातून दोनदाच खरोखर बसायचे, हे पिल्लाने कसे ओळखावे? नावाचीही तीच गत. पिल्लाचे नाव राजा ठेवले आणि आजी नातवालाही लाडाने ‘राजा’ म्हणत असेल, तर पिल्लू प्रत्येक हाकेला उठेल आणि थोड्याच दिवसांत एकाही हाकेला उठणार नाही.

यासाठी पिल्लू येण्याच्या आदल्या दिवशी सर्वांनी एकत्र बसावे आणि पाच शब्द ठरवावेत. भाषा मराठी, कन्नड, इंग्रजी कोणतीही चालेल, पण ठरलेली हवी. ‘बस’ हा शब्द पिल्लासाठी राखून ठेवला, तर ताटावर ‘पुरे’ म्हणायची सवय लावून घ्यावी. शब्दांची यादी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवावी. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही ती समजावून सांगावी, कारण पिल्लू त्यांच्याही पायांत घोटाळणार आहे.

शब्दांप्रमाणे नियमही एकच हवेत. बाबांनी कॉटवर घ्यायचे आणि आईने त्याच कॉटवरून हाकलायचे, यातून पिल्लू नियम शिकत नाही, ते फक्त माणसे ओळखायला शिकते. जेवताना ताटातला घास द्यायचा नाही असे ठरले, तर तो कोणीच द्यायचा नाही. आठवड्यातून एकदा जरी आजोबांनी गुपचूप चपातीचा तुकडा खाली सोडला, तरी पिल्लू सातही दिवस पाटाशेजारी आशेने बसून राहील. कधीतरी मिळणारे बक्षीस सवय फार घट्ट करते, हे बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरे यांच्यावर प्रयोग करून दाखवून दिले.

पिल्लू शिकते कसे?

तुमच्यापैकी मोठ्या वर्गातील मुलांनी पावलॉव्ह यांचे नाव ऐकले असेल. या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ मध्ये पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न येण्याआधी दर वेळी एखादी ठरावीक खूण ऐकवली, तर काही दिवसांनी नुसत्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, असे त्यांना आढळले. १८९८ मध्ये थॉर्नडाइक यांनी मांजरांना पेटीत बंद करून पाहिले. कडी काढली की बाहेर पडता येते आणि खाऊ मिळतो, हे एकदा साधल्यावर मांजर पुढच्या खेपांना हळूहळू लवकर बाहेर येऊ लागले. ज्या कृतीनंतर सुख मिळते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हा त्यांचा निष्कर्ष.

या दोन गोष्टींतून आपले दोन नियम निघतात.

पहिला नियम असा की बक्षीस लगेच द्यायचे. पिल्लू बसले की एका सेकंदाच्या आत ‘शाब्बास’ म्हणायचे आणि खाऊ द्यायचा. तुम्ही डबा शोधून आणेपर्यंत ते उठून उभे राहिलेले असते. मग बक्षीस उठण्याचे होते, बसण्याचे होत नाही. दर वेळी ‘शाब्बास’ हाच शब्द वापरला, तर तो शब्दच पावलॉव्हच्या खुणेसारखे काम करू लागतो.

दुसरा नियम मारण्याविषयी. पिल्लाने दुपारी चप्पल कुरतडली आणि संध्याकाळी बाबांनी घरी येऊन त्याला चप्पल दाखवून मारले, तर पिल्लाच्या मनात त्या माराचा संबंध चपलेशी जुळत नाही. बाबा घरी आले की मार बसतो, एवढेच ते शिकते. मग ते कॉटखाली लपते. आपण म्हणतो, ‘बघा, चूक कळली त्याला.’ खरे तर ते घाबरलेले असते, आणि घाबरलेले कुत्रे कोपऱ्यात सापडले की चावते. चप्पल कपाटात ठेवणे आणि पिल्लाला चावायला रबराचे खेळणे देणे, हा त्यावरचा खरा उपाय.

खाऊ शेंगदाण्याच्या दाण्याएवढा लहान असावा. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे, उकडलेले अंडे, पनीर किंवा चपातीचा कण चालतो. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासमान आहेत. कुंदा आपल्या गावचा अभिमान असला, तरी पिल्लाच्या पोटाला तो सोसत नाही. शिकवणी तीन ते पाच मिनिटांचीच असावी, पण दिवसातून तीन-चार वेळा, जेवणाच्या थोडे आधी, भूक असताना घ्यावी.

पहिले चार शब्द

बस. खाऊ चिमटीत धरून पिल्लाच्या नाकाजवळ न्यावा आणि हळूहळू वर, डोक्याच्या मागच्या बाजूला सरकवावा. नाक वर गेले की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. टेकताक्षणी ‘शाब्बास’ आणि खाऊ. कमरेवर दाब देऊन बसवू नये. पाच-सहा वेळा हे नीट जमले की मगच हात हलवण्याआधी ‘बस’ म्हणायला सुरुवात करावी. शब्द एकदाच उच्चारावा. ‘बस, बस, बस ना रे’ असे म्हणत राहिले, तर पिल्लू तिसऱ्या ‘बस’ची वाट पाहायला शिकते.

ये. खाली बसून, हात पसरून, आनंदी आवाजात बोलवावे. आले की भरपूर कौतुक करावे. या शब्दाचा एक कडक नियम आहे. रागावण्यासाठी, आंघोळ घालण्यासाठी किंवा खेळ थांबवून बांधण्यासाठी ‘ये’ म्हणायचे नाही. त्या कामांसाठी आपण उठून पिल्लाकडे जावे. ‘ये’ म्हटल्यावर नेहमी चांगलेच घडते, एवढा विश्वास त्याला हवा. उद्या हातातली दोरी सुटून ते रस्त्यावर धावले, तर समोरच्या ट्रकपासून त्याला हा एकच शब्द वाचवू शकतो. अशा वेळी त्याच्या मागे धावू नये, त्याला तो शिवाशिवीचा खेळ वाटतो. हाक मारून उलट दिशेने पळावे, म्हणजे ते आपल्यामागे येते.

थांब. पिल्लाला बसवावे, तळहात दाखवून ‘थांब’ म्हणावे, एक पाऊल मागे जावे आणि लगेच परत येऊन खाऊ द्यावा. पुढे वेळ वाढवावा, त्यानंतर अंतर आणि सगळ्यात शेवटी आजूबाजूची गडबड. तिन्ही एकदम वाढवू नयेत. ते उठले तर रागावू नये, आपण घाई केली असे समजून एक पायरी खाली यावे. हा शब्द दारापाशी रोज वापरावा. दार उघडले तरी ‘चल’ म्हणेपर्यंत थांबायचे.

सोड. पिल्लू रस्त्यावरचे काहीही तोंडात घालते. प्लास्टिकची पिशवी, हाड, कधी मेलेला उंदीर. तोंडातून ओढून घेतले की ते पटकन गिळून टाकते. म्हणून अदलाबदल शिकवावी. तोंडात खेळणे असताना नाकासमोर खाऊ धरावा, खेळणे सुटले की ‘सोड, शाब्बास’ म्हणून खाऊ द्यावा आणि खेळणेही परत करावे. सोडल्याने नुकसान होत नाही, हे त्याला पटले पाहिजे.

पाचवा शब्द ‘चल’. तो दोरीबरोबर येतो.

दोरी सैल, तरच पाऊल पुढे

गळ्यातला पट्टा मऊ आणि रुंद असावा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पिल्लू भराभर वाढते, म्हणून हे माप दर आठवड्याला तपासावे. ओढताच गळा आवळणारी साखळी वापरू नये. हातातली दोरी पाच-सहा फुटांची पुरे.

पहिले दोन-तीन दिवस घरात नुसता पट्टा बांधावा. पिल्लू खाजवेल, लोळेल, मग विसरेल. नंतर आपल्या नजरेसमोर दोरी अडकवून ती जमिनीवर घसटू द्यावी. त्यानंतर टोक हातात घ्यावे आणि पिल्लू जाईल तिकडे आपण जावे. मग अंगणात किंवा गच्चीवर चालायला सुरुवात करावी. पिल्लू डाव्या बाजूला, आपल्या गुडघ्याजवळ असताना ‘चल’ म्हणून दोन पावले टाकावीत आणि तिथेच, गुडघ्यापाशी, खाऊ द्यावा. दोन पावलांची चार, चाराची दहा होतात.

आता ओढण्याचा प्रश्न. पिल्लाने दोरी ताणली आणि आपण त्याच्यामागे गेलो, तर ‘ओढले की पुढे जाता येते’ हा धडा आपणच दिला. आपणही उलट ओढू लागलो, तर ते आणखी जोर लावते, कारण ओढ बसली की विरुद्ध दिशेला जोर लावणे हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून दोरी ताणली की आपण झाडासारखे उभे राहायचे. काही बोलायचे नाही. पिल्लू मागे वळून पाहील, एक पाऊल मागे येईल, दोरी मध्ये सैल झुकेल. त्याच क्षणी ‘शाब्बास, चल’. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही पोहोचणार नाही. पोहोचायची घाई नसावी. शाळेला उशीर होत असताना ही शिकवणी घेऊ नये, कारण घाईत आपण हटकून ओढू देतो.

दोरी मनगटाला गुंडाळू नये, कुत्र्याने झेप घेतली तर हात दुखावतो. मोठ्या कुत्र्याला लहान मुलांनी एकट्याने बाहेर नेऊ नये, मोठे माणूस बरोबर असावे. विष्ठा उचलण्यासाठी जुने वर्तमानपत्र किंवा पिशवी खिशात ठेवावी. रस्ता आपल्या कुत्र्याइतकाच शेजाऱ्यांचाही आहे. पावसाळ्यात फिरून आल्यावर पंजे पुसावेत आणि बोटांच्या बेचक्यांत, कानांमागे गोचीड आहे का ते पाहावे.

गल्लीतली कुत्री आपल्या पिल्लाकडे भुंकत आली तर पळू नये, ओरडू नये, दगडही उचलू नये. त्यांच्या डोळ्यांत न पाहता, पिल्लाला आपल्या पलीकडच्या बाजूला घेऊन, सावकाश वळून चालू लागावे. रोज एका ठरावीक वाटेने जाणाऱ्या शांत पिल्लाला गल्लीतली कुत्री काही दिवसांत ओळखू लागतात.

चावल्याचे लपवू नका

मुलांनो, हा भाग नीट वाचा. पिल्लाचे दुधाचे दात चौथ्या ते सहाव्या महिन्यांत पडून पक्के दात येतात. त्या काळात ते सगळे चावते, तुमची बोटेही. दात लागला की ‘आई गं’ म्हणून खेळ तिथेच थांबवा आणि अर्धा मिनिट पिल्लाकडे पाठ फिरवा. हाताने मस्ती करू नका, खेळण्याने खेळा. कुत्रे जेवत असताना, झोपलेले असताना किंवा पिल्लांना पाजत असताना त्याला हात लावू नका.

दाताने खरचटले, रक्त आले, तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा. ‘पिल्लाला घालवून देतील’ या भीतीने अनेक मुले गप्प बसतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुत्रे घरचे असो वा गल्लीतले, लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे.

पालकांनाही आमची विनंती आहे. मुलाने चावल्याचे सांगितले, तर आधी जखम धुवा. मुलाला किंवा पिल्लाला रागावू नका. एकदा रागावलात तर पुढच्या वेळी ते मूल सांगणार नाही.

आपल्या भागाचा मुधोळ

बेळगावजवळच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान होते. तिथल्या संस्थानिकांनी जोपासलेला शिकारी कुत्रा आज मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात त्याला कारवानी म्हणतात. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्याच्या चित्राचे तिकीट काढले. मुधोळ तालुक्यातील तिम्मापूर येथे या जातीचे संशोधन केंद्र आहे, आणि २०१६ मध्ये भारतीय लष्करानेही मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली.

या जातीची पिल्ले आपल्या भागात हौसेने पाळतात, म्हणून एक सूचना. मुधोळ नजरेने शिकार करणारा आणि वाऱ्यासारखा धावणारा कुत्रा आहे. मांजर, ससा, कागदाचा कपटा, काहीही हलले की तो झेपावतो. त्याला ‘ये’ पक्के शिकवल्याशिवाय आणि कुंपण असल्याशिवाय मोकळे सोडू नये. उलट त्याला दिवसभर साखळीत ठेवणेही तितकेच वाईट. ज्याचा जन्म धावण्यासाठी, त्याला चार फुटांची साखळी म्हणजे तुरुंग. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे आणि पाळलेला प्राणी सोडून देणे, हे दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हे आहेत.

कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. पाचवीतल्या मुलाने आज आणलेले पिल्लू तो कॉलेज संपवीपर्यंत घरात असेल. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास देणारे कोणी घरात नसेल, तर ‘आत्ता नको’ असे मुलाला सांगणे हाही पिल्लावर केलेला उपकारच आहे. ज्या घरात ही तयारी आहे, तिथे मात्र मुलाला आणखी काही मिळते. एक गोष्ट शंभरदा न चिडता सांगायची, शब्द पाळायचा, दुसऱ्याच्या भीतीचा मान ठेवायचा, हे गुण आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. पिल्लू ते रोज करून घेते.

स्वाध्याय

१. तुमच्या घरात ‘बस’ हा शब्द एका दिवसात किती वेळा आणि किती अर्थांनी वापरला जातो, ते मोजून वहीत लिहा.

२. घरातील सर्वांना विचारून पिल्लासाठी पाच शब्द ठरवा आणि तक्ता तयार करा. पिल्लू नसले तरी करा, एकमत व्हायला किती वेळ लागतो ते कळेल.

३. पिल्लाने चप्पल चावल्यानंतर चार तासांनी त्याला रागावल्यास ते काय शिकेल? थॉर्नडाइकच्या प्रयोगाच्या आधारे पाच वाक्यांत उत्तर लिहा.

४. कुत्रा चावल्यास काय करावे, याची चित्रांसह भित्तिपत्रिका तयार करा. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे. त्या दिवशी ती आपल्या वर्गात लावा.

५. तुमच्या गल्लीत दिवसभर बांधलेला एखादा कुत्रा असेल, तर मोठ्यांना बरोबर घेऊन त्याच्या मालकांशी आदराने बोला. भांडू नका. त्याला फिरवायला मदत हवी का, एवढेच विचारा.